आधीच्या वर्षी पाऊस किती झाला होता?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉनला आमच्या मागच्या अंगणातून सांता कॅटलिनाचा डोंगर अख्खा दिसतो. ५ जून २०२० ला त्यावर वीज पडली आणि वणवा लागला. बिगहॉर्न फायर. तो पूर्ण आटोक्यात यायला २३ जुलै उजाडला, आणि तोवर जवळजवळ १ लाख २० हजार एकर जळून गेलं होतं. रात्री घरातले दिवे घालवून आम्ही बघत बसायचो. उतारावरून आगीची रेघ खाली यायची, मध्येच एखाद्या घळीत दिसेनाशी व्हायची आणि पलीकडच्या धारेवर पुन्हा वर चढायची. सकाळी तुळशीच्या पानांवर राख बसलेली असायची. ओल्या फडक्याने मी एकेक पान पुसायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

पुण्याला बाबांशी रोज बोलणं व्हायचं. सगळे नीट आहात ना, आग घरापासून किती लांब आहे, पासपोर्ट आणि कागदपत्रं एका पिशवीत भरून ठेवलीस का, हे सगळं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "बरं, मला एक सांग. आधीच्या हिवाळ्यात तिकडे पाऊस किती झाला होता?"

समोर डोंगर पेटलेला असताना कोणालाही हा प्रश्न अवेळी वाटेल. मला नाही वाटला. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही दोघांनी मिळून जे पाहिलं होतं, त्यातूनच तो आला होता.

बाबा पुण्याच्या हवामान खात्यात ३४ वर्षं नोकरीला होते. जुने पुणेकर त्या कचेरीला 'शिमला ऑफिस' म्हणतात, शिवाजीनगरचा चौकही त्याच नावाचा. रिक्षावाल्याला नुसतं "शिमला ऑफिस" म्हटलं की पुरतं, पण पुण्यात शिमला कुठून आलं हे बऱ्याच पुणेकरांनाही सांगता येत नाही. खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला हलवलं आणि कपाटं-कागदांबरोबर नावही खाली उतरलं.

त्या शिमल्याच्या कचेरीत १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती प्रमुख म्हणून आले. १८९९ चा भयंकर दुष्काळ होऊन गेलेला होता आणि पावसाळा कसा जाणार हे आधी सांगता येईल का, हा सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. वॉकरनी जगभरच्या ठाण्यांवरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे मागवले आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते शोधायला घेतलं. यंत्रं नव्हती, गुणाकार-भागाकार कचेरीतल्या कारकुनांनी हाताने केले. बाबा हे सांगताना नेहमी थांबतात. त्यांच्या मते त्या कारकुनांची नावं कुठेतरी लिहून ठेवायला हवी होती. मलाही तसंच वाटतं. त्या आकडेमोडीतून दिसलं ते असं: प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. १९२४ च्या सुमारास वॉकरनी त्याला 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव दिलं. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला एल निनो म्हणत, ते समुद्राचं तापणं आणि हा हवेचा झोका एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे जेकब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडलं. वॉकरना आपला पावसाळा काही नेमका सांगता आला नाही. पण त्यांनी पकडलेलं सूत्र ॲरिझोनाच्या जंगलात निघालं, आणि ते आम्ही लाकडावर पाहिलं.

मार्च २०१८ मध्ये बाबा आमच्याकडे आले होते. त्यांना कॅन्यन वगैरे दाखवून झाल्यावर मी त्यांना इथल्या विद्यापीठाच्या वृक्षवलय प्रयोगशाळेत घेऊन गेले. १९३७ मध्ये ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ती सुरू केली. सूर्यावरच्या डागांचं चक्र झाडांच्या वलयांत सापडतं का हे त्यांना बघायचं होतं. पुढची सत्तरहून जास्त वर्षं ती फुटबॉलच्या स्टेडियमच्या पोटात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोल्यांत चालली. आता स्वतःची इमारत आहे. आत शिरल्या शिरल्या लाकडाचा वास येतो, सुताराच्या दुकानात येतो तसा, फक्त जास्त कोरडा.

टेबलावर पाँडेरोसा पाइनचा एक काप ठेवला होता. पाँडेरोसा म्हणजे इथल्या डोंगरांवरचा उंच, नारिंगी सालीचा पाइन. उन्हात तापलेल्या सालीला नाक लावलं तर व्हॅनिलासारखा वास येतो. तो काप पूर्ण गोल नव्हता, खोडाच्या बुडाची एक पाचर होती. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. मी इथे भिंगं आणि आरसे घासण्याच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे मला लगेच कळलं की हे जाड्या पॉलिश पेपरपासून सुरू करून पायरीपायरीने बारीक करत आणलंय, एकही पायरी न गाळता. शेवटच्या कागदानंतर लाकडातली एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सुटी दिसते. तेवढं घासल्याशिवाय तारीख वाचता येत नाही.

त्या कापावर जुन्या आगींचे व्रण होते. असा व्रण कसा होतो, तर असं. या जंगलातली जुनी आग झाडाच्या शेंड्यापर्यंत जायची नाही. गुडघ्याएवढ्या ज्वाळा गवत आणि वाळक्या सुया खात जमिनीलगत पुढे सरकायच्या. पाँडेरोसाची साल जाड, झाड वाचायचं. उतारावरच्या झाडाच्या वरच्या अंगाला मात्र सुयांचा ढीग साचतो, तिथे आग जास्त वेळ रेंगाळते आणि सालीखालचा जिवंत थर भाजतो. पुढच्या वर्षी झाड दोन्ही बाजूंनी त्या भाजलेल्या जागेवर नवं लाकूड चढवायला लागतं, उघड्या जखमेवर कातडी यावी तसं. पुन्हा आग, पुन्हा व्रण. एकदा व्रण झाला की तिथे राळ साचते, साल पातळ राहते, त्यामुळे पुढची आगही नेमकी तिथेच नोंदते. आमच्या समोरच्या कापावर कडेने एकावर एक अशा चौदा वळ्या होत्या. बाबांनी बोट न लावता, वरूनच मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

तारीख लावायची रीत बाबांना सगळ्यात आवडली. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी केसाएवढं. हा रुंद-बारीक क्रम एका प्रदेशातल्या सगळ्या झाडांत सारखा असतो. त्यामुळे जिवंत झाडापासून सुरुवात करून जुन्या बुंध्यांच्या क्रमाशी ताडत मागे मागे जाता येतं. "म्हणजे एका ठाण्याचा आकडा चुकला तर शेजारच्या ठाण्यावरून कळतो, तसंच," बाबा म्हणाले. व्रण वलयाच्या कोणत्या भागात आहे त्यावरून आग साधारण कोणत्या ऋतूत लागली तेही कळतं. इथले बहुतेक जुने व्रण वसंतात आणि पावसाआधीच्या कोरड्या उन्हाळ्यातले आहेत.

आम्हाला माहिती देणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शक एका जागी आणला आणि म्हणाल्या, हे १७४८. बाबांनी चष्मा काढून डोळा लावला. मग मी लावला. एक केसासारखं बारीक वलय आणि त्यात काळी चीर. त्याच्या लगेच आधीचं, १७४७ चं वलय मात्र चांगलं रुंद, भरलेलं.

१७४८ म्हणजे साताऱ्यात शाहू महाराज हयात होते. त्या वर्षी ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत डोंगरामागून डोंगर जळले. जिथून जिथून असे काप आणलेत त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी त्या एका वर्षाचा व्रण आहे, आणि ही ठिकाणं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब आहेत. एक आग तेवढं अंतर जात नाही. एवढ्या वेगवेगळ्या डोंगरांना एकाच वर्षी पेटायला तयार करणारी गोष्ट डोंगरांपेक्षा मोठी असली पाहिजे.

ती शोधण्याचं काम थॉमस स्वेटनम आणि हुलियो बेटनकोर्ट यांनी केलं. १९९० मध्ये 'सायन्स' मासिकात त्यांचा लेख आला, आणि त्याच्या शीर्षकातच सदर्न ऑसिलेशन आहे. १७०० ते १९०५ पर्यंतचे व्रण आणि वलयं, त्यापुढे वनखात्याचे जळिताचे आकडे, असं सगळं त्यांनी एकत्र मांडलं. एल निनोच्या वर्षी प्रशांत महासागरावरून येणारी हिवाळी वादळं दक्षिणेकडून, म्हणजे आमच्या डोक्यावरून जातात. डोंगरांवर बर्फ साचतं, वसंत ओला जातो, आग फार पसरत नाही. ला निनाच्या, म्हणजे तोच समुद्र उलट थंड पडतो त्या वर्षी तीच वादळं उत्तरेला ऑरेगन-वॉशिंग्टनकडे वळतात. इथे हिवाळा कोरडा, बर्फ लवकर वितळतं, आणि जूनअखेरीला पहिल्या ढगांतून पाऊस न पडता नुसती वीज पडली की झालं.

इथपर्यंत कोणीही अंदाजाने सांगेल, की कोरडं वर्ष म्हणजे आग. पण पाँडेरोसाच्या जंगलातले व्रण पाहिले तर मोठ्या आगीच्या आधीची एक-दोन-तीन वर्षं सरासरीपेक्षा ओली निघतात. या जंगलात झाडं विरळ असतात. आग एका झाडाकडून दुसऱ्याकडे जायची ती मधल्या गवतावरून. गवत उगवायला पाऊस हवा. एल निनोने गवत कंबरेएवढं वाढवायचं आणि मागोमाग ला निनाने ते वाळवायचं, या क्रमात मोठे वणवे बसतात. १७४७ आणि १७४८ ही त्याची सगळ्यात ठळक जोडी. डोंगरावर आणखी वर गेलं की फर वगैरेंचं दाट, थंड जंगल लागतं. तिथे जळायला बारा महिने पुष्कळ असतं, फक्त ते ओलं असतं. त्या जंगलातल्या व्रणांना आधीच्या ओल्या वर्षांची गरज पडत नाही, कडक कोरडं वर्ष आलं की पुरे. एकाच डोंगरावर हजार-दीड हजार फुटांच्या अंतरात आगीचा नियम बदलतो, आणि तो लाकडावरून वाचता येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बहात्तरला एल निनो होता." बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात कधीही निघतो. आजोळ बीड जिल्ह्यातलं. मामा खडी फोडायच्या कामावर गेले होते, आजी सुकडीचं आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं सांगायची. मी घरी येऊन शोधलं. १९७२-७३ च्या त्याच हिवाळ्यात इथे उत्तरेला फ्लॅगस्टाफमध्ये विक्रमी बर्फ पडलं होतं. बीडला विहिरी आटल्या त्याच एल निनोने इथल्या डोंगरांवर गवताची बेगमी करून ठेवली. बाबांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आपला पाऊस इकडे आला असं नाही हं म्हणायचं. तसं नसतं ते." खरं आहे. पण मला क्षणभर तसंच वाटलं होतं.

समुद्राचा हा हात सगळीकडे एकाच दिशेने चालत नाही. वॉशिंग्टन, ऑरेगनकडे एल निनोची वर्षं कोरडी आणि आगीची. इंडोनेशियात तर एल निनो म्हणजे जळणारी पीटची, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची जमीन आणि आठवडेच्या आठवडे धूर: १९९७ ला तसं झालं, २०१५ ला पुन्हा झालं. ऑस्ट्रेलियाच्या २०१९-२० च्या आगींमागे हिंदी महासागरातलं तापमानाचं उलटंपालटं होणं होतं. शिवाय एल निनोपेक्षा संथ, दशकानुदशकं चालणारे झोकेही आहेत, प्रशांतचे वेगळे, अटलांटिकचे वेगळे. २००७ मध्ये पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या २३८ ठिकाणांच्या ३३ हजारांहून जास्त व्रणतारखा एकत्र करून ते तपासलं गेलं, आणि हे झोके एकमेकांत कसे मिसळतात त्यावर कुठला भाग एकदम पेटणार हे ठरत आलंय असं दिसलं.

मला त्याहून भिडली ती एक शांतता. साधारण १७८० ते १८३० या पन्नास वर्षांत इथल्या झाडांवरचे व्रण विरळ होतात. आणि अगदी त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनाच्या उत्तर पॅटागोनियातल्या झाडांवरचेही. दोन्हीकडची माणसं वेगळी, झाडं वेगळी, ऋतू उलटे. त्या काळात एल निनो-ला निनाचा झोकाच मंदावला होता. म्हणजे ओलं वर्ष आणि लगेच कोरडं वर्ष ही जोडी जमत नव्हती.

माणसाचा हात यात नव्हता असं मात्र कोणी समजू नये. इथले मूळ रहिवासी शतकानुशतकं आग वापरत आले आहेत, शिकारीसाठी, शेतीसाठी, वस्तीभोवतीचं रान मोकळं ठेवण्यासाठी. सह्याद्रीत डोंगर जाळला की पुढच्या साली गवत चांगलं येतं म्हणतात, तशीच समजूत इथल्या काही गुराख्यांचीही होती. पण १८८० च्या दशकात रेल्वे आली, तिच्याबरोबर मेंढरं आणि गुरं लाखांनी आली, आणि त्यांनी गवत खाऊन टाकलं. कापांवर ते सरळ दिसतं: १८८०-९० पर्यंत दर पाच-दहा वर्षांनी व्रण, आणि मग एकही नाही. आमच्या समोरच्या कापावर शेवटच्या व्रणानंतर बोटभर कोरं लाकूड होतं. पुढे वनखातं लागलेली प्रत्येक आग विझवायला लागलं. १९३५ मध्ये तर नियमच झाला की कळलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. एल निनो येत राहिले, ला निना येत राहिले, पण नोंद घेणारी आग नव्हती. रान मात्र भरत गेलं. मोठ्या झाडांखाली काठीएवढ्या झाडांची दाटी झाली आणि त्या दाटीवरून आगीला शेंड्यापर्यंत चढायची शिडी मिळाली.

२००९-१० चा हिवाळा एल निनोचा, ओला. २०१०-११ चा ला निनाचा, कोरडा. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीची, १७४७-४८ सारखी जोडी पुन्हा जमली, पण जंगल आता ते राहिलं नव्हतं आणि हवाही जास्त तापलेली होती. मे २०११ च्या अखेरीला पूर्व ॲरिझोनात वॅलो फायर लागली, ५ लाख ३८ हजार एकर. २६ जूनला न्यू मेक्सिकोत जेमेझ डोंगरात विजेच्या तारेवर ॲस्पेनचं झाड पडलं आणि लास कोंचास फायर पेटली. पहिल्या चौदा तासांत ४३ हजार एकर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक एकर. त्या भागात काही ठिकाणी मैलोन्‌मैल एकही झाड जिवंत उरलं नाही. आम्ही २०१३ मध्ये तिथून गेलो होतो. काळे खांब आणि त्यांच्यामधून दिसणारी पलीकडची टेकडी. तेव्हा मला व्रणांबद्दल काही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेतून आल्यावर ती टेकडी आठवली आणि लक्षात आलं की व्रण व्हायला झाड वाचावं लागतं. तीनशे-चारशे वर्षं लिहिणारं झाडच गेलं तर २०११ ची नोंद तिथे कशावर होणार?

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. २०१९-२० च्या हिवाळ्यात टुसॉनला बरा पाऊस झाला होता, विशेषतः नोव्हेंबर आणि मार्चमध्ये. उतारांवर गवत आलं होतं. एप्रिलपासून सगळं वाळलं. त्या वर्षी ला निना मात्र नव्हतं, ते ऑगस्टनंतर आलं. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. नियम म्हणजे वेळापत्रक नव्हे. पण गवत होतं ना?" गवत होतं.

शहराला लागून असलेल्या वाळवंटात एक वेगळंच गवत मला अस्वस्थ करतं. बफेलग्रास. गुरांसाठी म्हणून १९३० च्या दशकात या भागात आणलं गेलं. पहिल्यांदा जवळून बघितलं तेव्हा ते लांडग्याच्या शेपटीसारखं केसाळ तुरे असलेलं गवत ओळखीचं वाटलं, आणि फोटो पाठवल्यावर बाबांनी नाव सांगितलं: अंजन. आपल्याकडे गुरांचा चांगला चारा म्हणून मुद्दाम लावतात ते. इथे निवडुंगांच्या मधली जमीन उघडी असते, त्यामुळे हे वाळवंट मोठ्या आगीत क्वचितच जळायचं. अंजनाने ती उघडी जागा भरून काढली. जळाल्यावर ते मुळापासून पुन्हा फुटतं. दीडशे वर्षांचा साग्वारो निवडुंग फुटत नाही.

हिवाळ्यात महिन्यातून एका शनिवारी आम्ही काही जण टुमामोक टेकडीच्या उतारावर ते उपटायला जातो. पहार बुडाशी घालून ठोंब उचकटायचं, माती झटकायची, तुरे खाली पडू न देता पिशवीत भरायचं. २०२० च्या पावसाळ्यात टुसॉनला जेमतेम ४१ मिलिमीटर पाऊस झाला, २०२१ ला ३२५ च्या आसपास. २०२१ नंतरच्या हिवाळ्यात आधी साफ केलेल्या उतारावर पुन्हा गुडघाभर अंजन उभं होतं. तिथून समोर कॅटलिनाच्या धारेवर बिगहॉर्नने जळालेल्या झाडांचे सुळके दिसतात, आणि दुर्बिणीतून त्यांच्यामध्ये उभे असलेले काही हिरवे पाइनही दिसतात. त्यांतल्या कुणाच्या तरी बुडाशी आता २०२० चा व्रण भरून येत असेल.

घरी आले की अंगणातल्या पर्जन्यमापकाचा आकडा वहीत उतरवते आणि बाबांना फोनवर सांगते. ते तो पुन्हा म्हणून घेतात, आणि पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज येतो.